देवगिरी पोत्यामुळं पडली

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी परंड्याच्या आमच्या बोर्डिंगच्या कोठीमामांचं नाव घेतो. खिलजीनं यादवांच्या देवगिरीवर स्वारी केली त्याला सातशे वर्षं उलटून गेली. यादव गेले, खिलजी गेले, त्यांच्यामागून आलेले सुलतान आणि निजामही गेले. पण त्या लढाईचा निकाल अजून मान्य न केलेला एक माणूस या पृथ्वीवर शिल्लक आहे, आणि ते म्हणजे आमचे कोठीमामा. कमरेला बोर्डिंगच्या धान्यकोठीची किल्ली, डोक्याला पिठानं आणखी पांढरी झालेली टोपी, आणि दर तिसऱ्या वाक्यात देवगिरी. परंड्याचा किल्ला बोर्डिंगपासून चालत दहा मिनिटांवर. तो बघायला लोक लांबून येतात. एखाद्यानं गाडी थांबवून "मामा, किल्ला कुठं आला?" असं विचारलं, की मामा गंभीरपणे म्हणायचे, "कोणचा? देवगिरीचा का? त्यो लई लांब राहिला." परंड्याच्या किल्ल्यावर त्यांचा राग नव्हता, पण त्या किल्ल्यात त्यांच्या मनाला लागून राहील असं काही झालं नव्हतं. "ह्या किल्ल्याचं काय, ह्याची तोफ सुलतानानं न्येली. तोफ जाऊ दे की. कोठी जाता कामा नये," एवढं बोलून ते विषय संपवायचे.

मी बेंबळीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं कॉलेज म्हणजे काय आणि तिथं जाऊन माणूस राहतो कुठं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. धाराशिव जवळ होतं, पण तिथं राहण्याजेवणाला दर महिन्याला रोख पैसे लागत. परंड्याच्या बोर्डिंगात मात्र जुनी रीत चालू होती. खोलीचे नावापुरते पैसे, आणि जेवणासाठी दर सहामाहीला पन्नास किलो ज्वारीचं एक पोतं. रोख आमच्याकडं नव्हती, ज्वारी होती. म्हणून मी धाराशिव आणि बार्शी मागं टाकून, एसटीच्या टपावर पोतं चढवून परंड्याला पोचलो, आणि बोर्डिंगच्या दारातच मला कोठीमामा भेटले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पोत्याकडं बघितलं.

त्यांच्या हातात एक लांब, पोकळ, टोकदार लोखंडी नळी असायची. पोत्यात खुपसून बाहेर काढली की आतलं धान्य नळीत येतं आणि तळाशी काय दडलंय ते कळतं. तिला मामा भाला म्हणायचे. त्यांनी भाला माझ्या पोत्यात तीन ठिकाणी खुपसला, तळहातावर दाणे घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला आणि मग विचारलं, "गाव कोणचं?" मी म्हणालो, "बेंबळी." त्यांनी खडूनं पोत्यावर 'बेंबळी' असं लिहिलं आणि त्या दिवसापासून माझंही नाव बेंबळी पडलं. मामा कुणालाच खऱ्या नावानं हाक मारत नसत. पोत्यावर जे लिहिलं, तेच पोराचं नाव. आमच्या खोलीत मी बेंबळी, माझ्या शेजारच्या खाटेवर अणदूर. भिंतीवर मामांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला नियम होता : 'ज्वारी वाळलेली व निवडलेली असावी. भेसळ आढळल्यास नाव कमी केले जाईल.' शेवटच्या चार शब्दांखाली लाल रेघ होती. हा नियम नुसता भिंतीवरचा नव्हता. पहिल्याच आठवड्यात अणदूरच्या पोत्याच्या तळाशी दमट ज्वारी निघाली, तेव्हा मामांनी त्याला पोत्यासकट परतीच्या बसमध्ये बसवलं. बिचारा आठ दिवस ज्वारी वाळवून परत आला. मामा म्हणाले, "वली हुती म्हणून परत घेतलं. दगड असतं तर पुन्यांदा तोंड बघितलं नसतं."

ही सगळी कडक शिस्त देवगिरीहून आलेली होती. जूनमध्ये नवी पोरं आली, की पहिल्या रविवारी मामा त्यांना कोठीत जमिनीवर बसवून लढाई दाखवायचे. पालथं घातलेलं घमेलं म्हणजे देवगिरीचा डोंगर. तुरीची डाळ म्हणजे यादवांची फौज. लाल मिरच्या म्हणजे खिलजीचे घोडेस्वार. एक मोठी, दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग म्हणजे फौज घेऊन लांब गेलेला राजपुत्र, ती मामा मुद्दाम दूर उंबऱ्याजवळ ठेवायचे. रामदेवराव म्हणून सुपारी असे, कारण मामांच्या मते राजा माणूस टणक असावा लागतो. मग मिरच्या दाराकडून घमेल्याकडं सरकायला लागत आणि मामांचा आवाज चढत जाई.

"राजाचं पोरगं फौज घिऊन लांब गेल्यालं. गडावर माणूस थोडं. आन आला की खिलजी घोडं फेकत! राजा वर गडावर चढला. आता गडावर खायचं काय? तर गडाखाली यापाऱ्यांची पोती पडल्याली. यापारी पळालं हुतं पोती टाकून. राजाची माणसं म्हणली, आयतं धान्य घावलं. उचलली पोती, नेली वर, रचली कोठीत." इथं मामा थांबत. भाला जमिनीवर आपटत. "आन कोठीवाला काय करत हुता?"

नव्या पोरांना वाटायचं हा प्रश्न आपल्यालाच आहे. ती घाबरून खाली बघत.

"येक पोतं! आरं, येकच पोतं सोडून बघितलं असतं, तर आज इतिहास येगळा झाला असता! तिकडं पोरगं माघारी आलं, वाघावानी लढलं," असं म्हणत ते शेंगेला मिरच्यांच्या मधोमध आणत, "आता गडानं चार महिने दम धरायचा, का न्हाय? गडाला गड कसला, पाखरू बी चढायचं न्हाय असा. मग वर कोठीत पोतं सोडलं. आत काय निघालं?"

जुनी पोरं एका सुरात ओरडत, "मीठ!"

"मीठ!" मामा कपाळावर हात मारत. दर वर्षी तितक्याच जोरानं, जणू ही बातमी त्यांना आत्ताच कळली. "मीठ खाऊन लढतंय व्हय कुणी? केला मग तह. घातलं सगळं सोनंनाणं खिलजीच्या पदरात. लढाया तलवारीनं हरत न्हाईत, बाळांनो. लढाया कोठीत हरत्यात."

एवढ्यात स्वयंपाकघरातून मावशींची हाक येई. मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकीण, बोर्डिंगात मामांना न भिणारी एकमेव व्यक्ती. "मामा, तुमची लढाई उरका. यादव शिजायला टाकायचेत, आधन आलंय." मग मामा यादवांची फौज काळजीपूर्वक सुपात गोळा करून आत देत. त्या रात्री आम्ही यादवांचं वरण आणि खिलजीचा ठेचा खायचो. मामांना त्यात काही वावगं वाटत नसे. सैन्य वाया गेलं एवढं पुरे, डाळ कशाला वाया घालवायची?

देवगिरीचा त्यांनी एवढा धसका घेतला होता, की बांधलेली, शिवलेली, झाकलेली कोणतीही वस्तू त्यांना बघवत नसे. काड्यापेटी विकत घेतली तर दुकानातच उघडून काड्या बघणार. लग्नात आहेर मिळाला तर मांडवातच पुडकं सोडणार. मीठ त्यांनी कोठीच्या छताखाली कधी येऊ दिलं नाही. मिठाची बरणी बाहेर ओसरीत, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'मीठ', आणि प्रत्येक भाजीला मावशींना ओसरीपर्यंत चक्कर. मावशी म्हणायच्या, "ह्या माणसापायी माझं निम्मं आयुष्य मिठाच्या वाटंवर गेलं." एकदा मामांना ताप आला. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. मामांनी पहिलीच कॅप्सूल दोन्ही बाजूंनी ओढून उघडली, आतली भुकटी तळहातावर घेतली, फुंकर मारली आणि चाटून बघितली. त्यानंतर तासभर ते तोंड वाकडं करून बसले होते. डॉक्टर रागावले तेव्हा म्हणाले, "सायेब, ही बी दोन टोकांनी शिवल्यालं पोतंच हाय की. न बघता कोठीत कसं सोडू?" आणि पोटावर हात ठेवला.

पण सगळ्यावर कडी झाली ती त्यांच्या मुलीचं लग्न ठरवताना. मुलाकडच्यांनी सांगितलं, मुलगा पुण्याला कंपनीत पर्मनंट आहे. सगळे खूश झाले. मामा मात्र कुर्डुवाडीला जाऊन रेल्वेत बसले आणि त्या कंपनीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दोन दिवस ठाण मांडून राहिले. मुलगा तिन्ही पाळ्यांपैकी कोणत्या पाळीला आत जातो, कोणत्या दारानं बाहेर येतो, बाहेर आल्यावर पान खातो की सरळ घरी जातो, हे सगळं बघून परत आले आणि म्हणाले, "जावई उघडून बघितला. तळापतूर ज्वारीच हाय." तो जावई आजही सासऱ्यासमोर बसताना जरा सावरून बसतो.

बाजारपेठेतल्या किराणा दुकानातल्या चाचांशी मामांची देवगिरीवरून रोजची जुगलबंदी चाले. चाचा मीठ विकायचे, त्यामुळं हा विषय त्यांना झोंबायचा. मामा पोत्याला हात लावून नुसतं "हं" म्हणाले, की चाचा गल्ल्यावरून ओरडायचे, "अरे मामा, सातसौ साल हो गये! अब तो माफ करो उस बेचारे कोठीवाले को!"

"कसा करू? राज्य ग्येलं त्याच्यापायी."

"और हमारे नमक का क्या कसूर? बदनाम तो नमक हुआ ना!"

"मिठाचा काय बी कसूर न्हाय. खिलजीचा बी न्हाय. चोर आला तर तो चोरी करणारच की. म्या इचारतो, घरधन्यानं कडी का घातली न्हाय?"

चाचा हसून चहा मागवत. मामा चहा प्यायच्या आधी कप हलवून तळाशी साखर आहे का ते बघत. असं करता करता दोघांची मैत्री इतकी जुनी झाली होती, की एखाद्या दिवशी मामांनी देवगिरीचं नाव काढलं नाही तर चाचाच विचारायचे, "क्यूं मामा, तबियत ठीक है ना?"

मामा सातवीपर्यंतच शिकलेले. लढाईची गोष्ट त्यांनी लहानपणी शाळेत ऐकली होती. आमच्या खोलीत इतिहासाचं पुस्तक दिसलं की ते उभ्या उभ्या चाळायचे आणि दर वेळी निराश होऊन परत ठेवायचे. मी एकदा विचारलं, "मामा, काय शोधताय?" ते म्हणाले, "राजाचं नाव हाय. खिलजीचं हाय. पोराचं हाय. कोठीवाल्याचं नाव कुठंच न्हाय बघ, बेंबळी. ज्यानं एवढं मोठं राज्य घालवलं, त्याचं नाव तरी लिव्हायचं का न्हाय?" त्यांच्या बोलण्यात राग होता, पण थोडी हळहळही होती, एखाद्या भावकीतल्या माणसाबद्दल असते तशी. तेव्हा मला ती कळली नव्हती.

आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. त्या वर्षी पाऊस रुसला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा कणगीत ज्वारी तळाला गेलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरापुरती बाजूला काढून बाकीची मापली, ती तीस किलो भरली. पोत्याचं तोंड बांधता बांधता अण्णा म्हणाले, "मामांना सांग, राहिलेली सुगीला आणून देतो. ऐकतील. तुझ्या सांगण्यावरून माणूस चांगला दिसतोय." एवढं साधं वाक्य होतं. पण ते वाक्य चारचौघांसमोर, त्या लाल रेघेच्या नियमाखाली, अणदूरच्या देखत मला म्हणायचं होतं, आणि अठरा वर्षांच्या मला ते जमणार नव्हतं. घरातला पहिला कॉलेजात गेलेला मी. माझं पोतं अपुरं, हे मी कसं सांगणार? त्यात धाकट्या चुलत्यानं आधीच बजावलं होतं, की कॉलेजचं जमलं नाही तर बार्शीच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, पोती उचलायला ये, जागा धरून ठेवतो.

अण्णा बस कधी येते ते बघायला फाट्यापर्यंत गेले होते. तेवढ्यात मी खताच्या रिकाम्या पिशवीत रस्त्याच्या कामावरचा वीस किलो मुरूम भरला, पोतं सोडून रिकामं केलं, पिशवी तळाशी ठेवली, वर ज्वारी ओतली आणि पोतं शिवलं. वजन बरोबर पन्नास. मी हुशार होतो, बारावीला मला चांगले मार्क होते. पण मुरूम ज्वारीपेक्षा जड असतो आणि कमी जागेत मावतो, एवढं विज्ञान माझ्या डोक्यात आलं नाही. इतरांची पोती गळ्यापर्यंत टम्म फुगलेली, आणि माझं बुटकं, वर हातभर रिकामं तोंड लोंबतंय.

बोर्डिंगच्या दारात काटा होता. काट्यानं पन्नास दाखवले. मामा पोत्याभोवती एक चक्कर मारून आले. मग त्यांनी पहिल्यांदाच पोत्याऐवजी माझ्याकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत. मी उंचीनं कमी आहे.

"पोतं बुटकं दिसतंय, बेंबळी," मामा म्हणाले. "तुझ्यावर ग्येलंय."

सगळे खो खो हसले. अणदूर तर सगळ्यात जास्त. मामांनी भाला उचलला. त्यांनी भाल्याचं टोक पोत्याजवळ नेलं, थांबले, पुन्हा माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मग तो भाला उलटा करून सदऱ्याच्या आतून स्वतःची पाठ खाजवली. बराच वेळ. "बेंबळीची ज्वारी. वासावरनंच कळती," असं म्हणून त्यांनी खडूनं गावाचं नाव लिहिलं आणि पोतं रांगेत लावलं.

मी सुटलो, असं मला वाटलं. पण खरी शिक्षा पुढं होती. मामा पोती आली त्या क्रमानं सोडायचे. माझं पोतं भिंतीपासून अकरावं होतं. रोज जेवताना मी कोठीच्या दारातून रांग मोजायचो. दहावं. नववं. मुलं अभ्यास करत होती, मी पोती मोजत होतो. एकदा मी मामांना म्हणालो, "मामा, जुनी पोती आधी संपवण्यापेक्षा नवी आधी वापरली तर? म्हणजे तिकडच्या कोपऱ्यातली." मामा म्हणाले, "क्रम म्हंजे क्रम. देवगिरीत क्रम बी नव्हता." आठवं. तिसरं. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी मी बघितलं, माझ्या पोत्याच्या पुढं एकही पोतं नव्हतं. त्या रात्री मी ट्रंक भरून ठेवली. परीक्षेचं पुस्तक उघडायचं नाही, सकाळी मामांनी हाक मारली की मिळेल त्या बसनं बार्शी, असं ठरवलं. अणदूरनं विचारलं, "कुठं निघालास?" मी म्हणालो, "मोंढ्यात." त्याला वाटलं मी झोपेत बोलतोय.

सकाळी मामांची हाक आली नाही. मी जेवणाच्या घंटेपर्यंत थांबलो. ताटात रोजच्यासारखीच भाकरी, तशीच टम्म फुगलेली. कोठीत बघितलं तर माझं पोतं रिकामं, घडी घालून, इतर रिकाम्या पोत्यांवर ठेवलेलं. खडूचं 'बेंबळी' वरच्या बाजूला. मी काहीच न समजून हात धुवायला नळाकडं गेलो. त्या नळाभोवती वर्षभर चिखल असायचा, आम्ही दगडांवर उड्या मारत जायचो. आज तिथं स्वच्छ, लालसर मुरूम पसरलेला होता, नीट दाबून. मामा बाजूला उभं राहून पायानं तो आणखी दाबत होते.

"चिखल लई झाला हुता," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "कुठनंतरी जरासा मुरूम घावला, टाकला. चांगल्या जातीचा हाय."

त्यानंतर त्यांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मी ट्रंक उघडून पुस्तकं बाहेर काढली. जूनमध्ये मी पुढचं पोतं आणलं, ते गळ्यापर्यंत भरलेलं होतं. मामांनी त्यात भाला तीनदा खुपसला, चौथ्यांदाही खुपसला, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून भुवई उडवली.

त्या जूनच्या पहिल्या रविवारी नेहमीप्रमाणे नव्या पोरांसाठी लढाई झाली. मी दुसऱ्या वर्षाला होतो, मागं भिंतीला टेकून बसलो होतो. घमेलं पालथं पडलं, मिरच्या सरकल्या, पोती गडावर चढली. मामांनी भाला आपटला. "आन कोठीवाला काय करत हुता?" आम्ही जुनी पोरं पुढच्या 'येक पोतं!'ची वाट बघत होतो. मामांनी मात्र सुपारी, म्हणजे रामदेवराव, हातात घेऊन फिरवली.

"इतकी वर्सं म्या म्हणत आलो, त्यानं पोतं उघडलं न्हाय," ते हळू म्हणाले. "आता वाटतंय, उघडलं असंल. मीठ बी बघितलं असंल. पर पोतं घिऊन आलेल्या माणसाचं तोंड बी बघितलं असंल. उन्हातनं गड चढून आल्यालं कुणाचं तरी पोरगं. म्हणला असंल, जाऊ दे, आत्ता नगं. बघू फुडं."

नव्या पोरांना कळलं नाही काय झालं. मी गुडघ्यात मान घातली. दारातून मावशी म्हणाल्या, "आन राज्य ग्येलं त्याचं काय?"

मामा जरा विचार करून म्हणाले, "राज्य काय, कुणाचं ऱ्हातंय? ऱ्हायलं असतं तरी निजामानं घेतलंच असतं. घ्या, यादव घ्या शिजायला."

ही बातमी बाजारपेठेत पोचायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी चाचांनी मामांना दुकानात बसवून स्वतःच्या हातानं पेढा दिला. म्हणाले, "मामा, सातसौ साल बाद केस खारीज!" मामांनी पेढा मधून मोडून आत बघितला आणि मग खाल्ला.

मी पदवीधर झालो. आता पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. बोर्डिंगात आता ज्वारी कुणी आणत नाही, सगळे पैसे मोबाइलवरून भरतात आणि भाकरीऐवजी बाहेरून पोळ्या येतात. मामा त्यांच्या गावी असतात, परंड्यापासून जवळच. नजर कमी झाली आहे, पण नातवानं चॉकलेट दिलं तर आधी कागद सोडून हुंगतात. माझी पोरगी सातवीत आहे. तिच्या पुस्तकात ती लढाई मी परवा शोधली. दोन ओळी. कोठीवाल्याचं नाव अर्थातच नाही. म्हणून मीही मामांचं नाव इथं लिहिलेलं नाही. ते म्हणाले असते, आधी त्याचं लिव्ह.

फोनवर मामा ऐकतात कमी आणि सांगतात जास्त. त्यामुळं इतक्या वर्षांत जे बोलायचं ते राहूनच गेलं. यंदा सुगी चांगली झाली. आज बेंबळीहून परंड्याच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडं एक पोतं दिलं आणि त्यासोबत हे पत्र. मामांना ते त्यांची सून वाचून दाखवेल.

तीर्थस्वरूप कोठीमामांस,

साष्टांग नमस्कार.

मामा, त्या दिवाळीनंतरच्या माझ्या पोत्यात वीस किलो मुरूम होता. तो मी भरला होता. अण्णांना यातलं आजही काही माहीत नाही. त्यांनी तुम्हाला निरोप द्यायला सांगितला होता की राहिलेली ज्वारी सुगीला देतो. तो निरोप मी दिला नाही. आज देतो आहे, उशीर झाला आहे, माफी असावी.

तुम्हाला सगळं माहीत होतं हे मला नळापाशीच कळलं. पण वीस किलो ज्वारी कमी पडली ती कुठून भरली, हे कळायला मला फार वर्षं लागली. गेल्या वर्षी मावशी बाजारात भेटल्या. त्या म्हणाल्या, त्या हिवाळ्यात मामा दोन महिने बोर्डिंगात जेवले नाहीत, घरून डबा आणायचे, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, सुनेच्या हातची चव लागली. मावशींना अजून वाटतं की तुम्हाला त्यांचा स्वयंपाक आवडत नव्हता. एकदा त्यांना खरं सांगा.

त्या दिवशी तुम्ही भाला खुपसला असता तर मी आज बार्शीच्या मोंढ्यात असतो. त्या कामात कमीपणा नाही, पण मग माझ्या पोरीच्या पुस्तकातल्या त्या दोन ओळी मी तिला समजावून सांगू शकलो नसतो. काल सांगितल्या. घमेलं, तूर, मिरच्या, सगळं मांडून. कोठीवाल्यापाशी आल्यावर तिनं विचारलं, "मग त्याला शिक्षा झाली का?" मी म्हणालो, "नाही. त्याची मुलं शिकली."

सोबत मोठं पोतं पाठवतो आहे. बेंबळीची ज्वारी आहे, अण्णांनी स्वतः निवडली आहे. पन्नास नाही, सत्तर किलो आहे. वीस मागची. तोंडापर्यंत भरलं आहे, या वेळी बुटकं नाही.

मामा, वासावर जाऊ नका. भाला असेल तर भाला, नसेल तर सुनबाईंना हात घालायला सांगा. तळापर्यंत उघडून बघा.

तुमचा,
बेंबळी